सर्व्हिस एरिया

(स्थळ : पुण्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. वेळ : सकाळचे साडेअकरा, म्हणजे सर्व्हर नुकता उठून तोंड धुतोय. साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीवर पासबुकवाले आजोबा. पासबुक छापायचं मशीन तात्पुरतं बंद आहे, म्हणून तेही तात्पुरते बसले आहेत, सोमवारपासून. भिंतीवर शैक्षणिक कर्जाचं पोस्टर. त्यातली मुलगी काळी टोपी हवेत उडवते आहे, आणि पोस्टरचा खालचा कोपरा सुटून तीही उडायच्या बेतात आहे. दुसऱ्या खुर्चीवर एक विद्यार्थी टेकतो. मांडीवर प्लास्टिकची फाईल. गावाकडून निघाली तेव्हा ती पातळ होती.)

विद्यार्थी : सर, शैक्षणिक कर्जाचं विचारायचं होतं.

साहेब : विचार की. विचारायला तारण लागत नाही.

विद्यार्थी : (हसतो. इथं हसायचं असतं, हे आधीच्या तीन शाखांनी शिकवलंय.) इंजिनिअरिंगला आहे सर. पहिलं वर्ष. कॉलेज इथंच, दोन चौक सोडून.

साहेब : गाव?

विद्यार्थी : रिसोड तालुका. जिल्हा वाशिम.

साहेब : मग इथं कशाला आलास?

विद्यार्थी : शिकायला सर.

साहेब : ते कळलं. कर्जाला इथं कशाला? आईवडील राहतात तिथल्या शाखेत जायचं. सर्व्हिस एरिया म्हणतात त्याला.

विद्यार्थी : गेलो होतो. ते म्हणाले, पोरगा पुण्यात, कॉलेज पुण्यात, पैसे पुण्याच्या खात्यात जाणार. आम्ही इथून लक्ष कसं ठेवायचं? पुण्यातच काढ.

साहेब : लक्ष? कर्ज द्यायचंय की शेरडं राखायचीत?

विद्यार्थी : सर, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. 9 नोव्हेंबर 2012 चं. घर सर्व्हिस एरियात नाही एवढ्या कारणावरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये, असं त्यात लिहिलंय. (फाईलमधून प्रिंट काढतो.)

साहेब : (प्रिंटला हात न लावता) अर्ज नाकारला कोणी?

विद्यार्थी : तुम्हीच म्हणालात ना, तिकडं जा.

साहेब : 'तिकडं जा' हा नकार नाही, सल्ला आहे. नाकारायचं म्हटलं तर मला वरच्या साहेबांची संमती घ्यावी लागते, कारण लेखी द्यावं लागतं, त्याची नोंद राहते. एवढा कुटाणा कोण करतो? तेरा वर्षं शाखा सांभाळतोय, एकही अर्ज नाकारलेला नाही.

आजोबा : आणि मंजूर?

साहेब : आजोबा, तुमचं पासबुक झालं का?

आजोबा : नाही. पण ते नाकारलेलंही नाही.

(साहेब चहा मागवतात. एकच.)

साहेब : बरं, विद्यालक्ष्मीवर अर्ज भरलास?

विद्यार्थी : भरला. तीन बँका निवडता येतात, तिन्ही निवडल्या.

साहेब : मग?

विद्यार्थी : एकीचं 'प्रक्रियेत आहे' असं दिसतं, ऑगस्टपासून. दुसरीचं काहीच दिसत नाही. तिसरीचा फोन आला. म्हणाले, तुमचा ऑनलाइन अर्ज मिळाला, आता शाखेत येऊन अर्ज करा.

साहेब : बरोबर आहे. आणि कुठल्या विद्यालक्ष्मीवर भरलास? 2015 ची, का पीएम?

विद्यार्थी : वेगळ्या आहेत?

साहेब : थोरली आणि धाकटी. थोरली म्हणजे नुसतं पोर्टल, तिथं सगळ्यांनी अर्ज करावा. धाकटीला केंद्रीय मंत्रिमंडळानं 6 नोव्हेंबर 2024 ला मंजुरी दिली. ती मानाची. ती यादीतल्याच कॉलेजांना ओळखते. जाहीर झाली तेव्हा देशभरातल्या 860 संस्था होत्या. तुझं कॉलेज आहे यादीत?

विद्यार्थी : नाही सर. पण आमच्या गेटवर 'देशातील अग्रगण्य' असं लिहिलंय.

आजोबा : ते रंगवणाऱ्यानं लिहिलंय, सरकारनं नाही.

साहेब : धाकटीकडे आठ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्याला व्याजात तीन टक्के सूट आहे, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर. ती तुला नाही. नॅकचं मानांकन आहे ना कॉलेजला?

विद्यार्थी : आहे.

साहेब : मग जुनी व्याज-अनुदानाची योजना बघू. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिकत असेपर्यंतचं आणि पुढचं एक वर्ष, व्याज केंद्र सरकार भरतं. उत्पन्नाचा दाखला?

विद्यार्थी : आहे सर. तहसीलदारांचा. त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी नवीन लागलीय, खुर्ची तशीच रिकामी होती. चार खेपा झाल्या.

साहेब : (दाखला वाचत) वार्षिक 84,000. (मान हलवत) एवढ्याशा उत्पन्नात कर्ज फेडणार कोण?

विद्यार्थी : उत्पन्न जास्त असतं तर कर्ज कशाला मागितलं असतं सर?

साहेब : तो मुद्दा वेगळा. अनुदानाला उत्पन्न कमी पाहिजे, मंजुरीला जास्त. दोन्ही एकाच घरात बसवायचं. बसवतात लोक.

आजोबा : कर्ज लागतंय कशाला पण? फी माफ केली ना सरकारनं?

विद्यार्थी : मुलींची झाली आजोबा, 2024 पासून. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. माझ्या बहिणीची झाली. मी मुलगा आहे.

साहेब : (फाईल चाळत) तसा दाखला लावलाय?

(विद्यार्थी क्षणभर फाईल उघडतो. मग बंद करतो.)

विद्यार्थी : मला निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून मिळते. ती येते तेव्हा येते. तोवर कॉलेज म्हणतं, पूर्ण भरा, आली की बघू. शिवाय राहणं, मेस, लॅपटॉप. चार वर्षांचे मिळून 6 लाख 80 हजार.

साहेब : हां. साडेसात लाखांच्या आत, म्हणजे तारण नाही. तिसरा जामीनदारही नाही. सरकारचा हमी निधी आहे त्याला. (एकदम मऊ आवाजात) काय आहे तारणाला?

विद्यार्थी : लागत नाही म्हणालात.

साहेब : लागत नाहीच. पण असावं. छत्रीसारखं.

विद्यार्थी : अडीच एकर आहे. सोयाबीन आणि तूर.

साहेब : सातबारा?

विद्यार्थी : (काढून देतो) हा. आठ-अ पण आहे.

साहेब : लागत नाही तर आणलास कशाला?

विद्यार्थी : आधीच्या तिघांनी मागितला.

साहेब : बघ! म्हणजे लागतो. (स्क्रीनकडे बघतात, चष्मा नाकावर ओढतात.) हे काय? वडिलांचं पीककर्ज थकीत?

विद्यार्थी : माफी होणार म्हणून थांबलेत सर.

साहेब : कोणी सांगितलं?

विद्यार्थी : प्रचाराला आलेल्यांनी.

आजोबा : तोंडी सांगितलं असेल. लेखी घ्यायचं असतं.

साहेब : सहकर्जदार वडील होणार. त्यांचं सिबिल बिघडलेलं. कसं जमायचं?

विद्यार्थी : (दुसरं प्रिंट काढतो. हा मुलगा अभ्यासही याच निष्ठेनं करत असेल, तर नापास व्हायची भीती नाही.) सर, केरळ हायकोर्टानं 2023 मध्ये म्हटलंय, विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका.

साहेब : केरळ आपल्या सर्व्हिस एरियात येत नाही. आणि ते मुलाच्या सिबिलबद्दल आहे, बापाच्या नाही. तुझं सिबिल काय?

विद्यार्थी : माझं काहीच नाही सर. आजवर कोणी कर्जच दिलं नाही.

साहेब : मग कसं कळणार, तू फेडतोस की नाही?

(चहा येतो. साहेब पितात. विद्यार्थी पोस्टरमधल्या मुलीकडे बघतो. तिची टोपी अजून खाली आलेली नाही.)

साहेब : इथला पत्ता काय लिहिलायस? हॉस्टेल?

विद्यार्थी : हॉस्टेलला नंबर लागला नाही. कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चौघं.

साहेब : भाडेकरार?

विद्यार्थी : मालक करार करत नाहीत.

साहेब : पावती?

विद्यार्थी : पावतीही देत नाहीत. आम्ही पाहुणे आहोत म्हणतात. दर महिन्याच्या एक तारखेला पाहुणचाराचे पैसे घेतात. रोख.

साहेब : करार नाही, पावती नाही, मग राहण्याचा खर्च कर्जात कसा धरायचा? कोण असली माणसं ही!

(आजोबा पासबुकाच्या मशीनकडे अत्यंत बारकाईनं बघू लागतात.)

विद्यार्थी : दारावर पाटी आहे सर. 'पाहुण्यांनी नऊनंतर येऊ नये. गिझर सात मिनिटे.'

आजोबा : आठ मिनिटे केला आहे. दिवाळीपासून.

(शांतता.)

साहेब : (खाकरून) बरं. वडिलांना समक्ष यावं लागेल. सही, फोटो, मूळ कागद. सगळे.

विद्यार्थी : फोन लावू? तुम्हीच सांगा. माझं त्यांना खरं वाटत नाही. (फोन लावतो, स्पीकरवर ठेवतो.) बाबा, बँकेतून बोलतोय. साहेब आहेत समोर.

बाबा : (मागे थ्रेशरचा आवाज) हां, नमस्कार साहेब! बोला.

साहेब : नमस्कार. तुम्हाला सहीसाठी पुण्याला यावं लागेल.

बाबा : येतो न. पन आता सोयाबीन सोंगनीवर हाये. मी तथी आलो त इथी पानी येते. दरसाल तसंच होते, मी कुठी गेलो का पानी येते.

साहेब : मग नंतर या. कर्ज काही पळून जात नाही.

बाबा : थे त अजून आलंच नाई, पयते कुठून? साहेब, एक गोष्ट पुसू काय? रागावजा नका. इथची बँक म्हनते, पोरगं पुन्यात शिकते त पुन्याची बँक पाहा. तुमी म्हनता, घर रिसोडले हाये त रिसोडची बँक पाहा. मंग हे पोरगं शिकते कुठी? ट्रॅव्हल्समंधी?

साहेब : तसं नाही हो. नियम असतात.

बाबा : असतीन न. आन व्याज किती?

साहेब : ते बँकेच्या दरानं. पण हप्ता आत्ता नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्ष थांबायचं, मग पंधरा वर्षांपर्यंत फेडता येतं. चार लाखांच्या वर कर्ज गेलं की पाच टक्के तुमचे घालावे लागतात. तेवढंच.

बाबा : पंधरा वर्सं? (थ्रेशर बंद होतो.) म्हंजे पोराचं पोरगं शाळेत जाईन तवरोक.

साहेब : हो, पण सवलत आहे ती.

बाबा : बरं हाये. लेका, जेवला काय?

विद्यार्थी : जेवलो.

(खोटं आहे. सकाळपासून तो या टेबलासमोर आहे. फोन बंद होतो. शिपाईमामा येतात, साहेबांच्या कानाशी लागतात. साहेब कॉम्प्युटरवर मेल उघडतात. वाचतात. पुन्हा वाचतात. उरलेला चहा तसाच राहतो.)

आजोबा : मशीन आलं का?

साहेब : (पडक्या आवाजात) बदली.

आजोबा : मशीनची?

साहेब : माझी. प्रशासकीय कारणास्तव. आठ दिवसांत हजर व्हायचंय.

विद्यार्थी : कुठं सर?

साहेब : (स्क्रीनवरून नजर न काढता) जिल्हा वाशिम. शाखा रिसोड.

(एवढा वेळ कोपऱ्यात लटकलेलं पोस्टर इथं खाली पडतं. नाटकात हे पटलं नसतं, पण त्या शाखेतला टेप तसलाच आहे.)

विद्यार्थी : (उभा राहतो) अरे वा सर! मग तर झालंच! फाईल तुम्ही बघितलेलीच आहे. तिथं गेलात की तुम्हीच मंजूर करा. आमचं घर शाखेपासून सहा किलोमीटर.

साहेब : (सवयीनं) हो, पण तुझं कॉलेज पुण्यात ना? तिथून लक्ष कसं... (थांबतात.)

(विद्यार्थी पुन्हा बसतो. बराच वेळ कोणी बोलत नाही. मशीन एकदा खर्रकन वाजतं आणि पुन्हा बंद होतं.)

साहेब : कसं आहे रे गाव?

विद्यार्थी : चांगलं आहे सर. पुण्याच्या ट्रॅव्हल्स रोज रात्री सुटतात.

साहेब : बायकोची नोकरी इथं, मुलगी दहावीला. मला एकट्यालाच जावं लागणार. मेस वगैरे मिळते? आणि खोली?

विद्यार्थी : खोली आमच्याच घरी आहे सर, वरची. दादा नाशिकला गेला तेव्हापासून रिकामी आहे. बाबांना विचारू?

साहेब : (आवाजात प्रथमच विनंती) विचार ना. मी करार करीन, पावती नसली तरी चालेल. अनामत देतो. पगाराची स्लिप देतो. काय लागेल ते.

(विद्यार्थी पुन्हा फोन लावतो, स्पीकरवर. थ्रेशर सुरू झालेलं असतं.)

विद्यार्थी : बाबा, एक साहेब आहेत बँकेतले. आपल्याकडं बदली झालीय त्यांची. वरची खोली द्यायची का?

बाबा : (मोठ्यानं) कोन हाये थो? मानूस कुठचा?

विद्यार्थी : पुण्याचे.

बाबा : पुन्याचा हाये न? मंग त्याले म्हना, खोली पुन्यातच पाह्य.