लातूरची गाडी, नांदेडचं पेट्रोल

नांदेड आणि लातूर यांच्यामध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं आहेत, आणि उरलेल्या जागेत तुलना आहे. १९९४ साली विद्यापीठ नांदेडला झालं, तर लातूरकर आपला शिक्षणातला 'लातूर पॅटर्न' काढून दाखवतात. विभागीय आयुक्तालय कुणाकडं असावं, यावर २००९ पासून दोन्ही गावांचं एकमत होत नाही. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत मात्र बरोबरी आहे. शंकरराव आणि अशोकराव चव्हाण नांदेडकडचे, निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरकडचे. अशा परिस्थितीत नांदेडच्या माणसानं लातूरची जुनी गाडी विकत घेणं हा नुसता व्यवहार राहत नाही. एमएच-२४ ची पाटी एमएच-२६ च्या गल्लीत उभी राहिली की तिच्या प्रत्येक खोकल्याचा हिशेब जिल्ह्याच्या नावावर मांडला जातो.

आमच्या साडूंनी अशी एक गाडी घेतली. पेट्रोलवर चालणारी, लहान, पांढरी. जुन्या गाड्यांच्या बाजारात आधीचा मालक नेहमी डॉक्टर असतो, नाहीतर प्राध्यापक. गाडी 'एकहाती' असते आणि ती फक्त कॉलेजला जाऊन येते. मराठवाड्यात एवढे प्राध्यापक असते तर कॉलेजांत इतक्या जागा रिकाम्या का, असं विचारावंसं वाटतं. पण या गाडीचे मालक खरोखरच निवृत्त प्राध्यापक निघाले. सर्व्हिसच्या पावत्या त्यांनी तारखेवार लावून दिल्या होत्या.

गाडी उत्तम होती. फक्त पंपावर बंद पडायची.

म्हणजे असं, की पंपावर जायचं, टाकी फुल्ल करायची, पैसे द्यायचे, किल्ली फिरवायची. गाडी सुरू व्हायची, दोनदा आचके द्यायची, जेमतेम मशीनच्या पुढं सरकायची आणि गप्प. मागं रांग. रांगेतले ऑटोवाले. पंपावरची दोन पोरं धावत येऊन ढकलायची आणि गाडी हवा भरण्याच्या कोपऱ्यात नेऊन उभी करायची. दहाएक मिनिटांनी किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशा थाटात चालू! मग ती थेट लातूरला जाऊन परत आली तरी हूं की चूं नाही. पुढची टाकी भरेपर्यंत.

"तेल भरलं की बंद पडूलाली बघा," असं साडू सांगायचे आणि ऐकणारा हसायचा. साडूंच्या पाहण्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, निदान मात्र प्रत्येकाकडं तयार होतं. नांदेडकरांच्या मते गाडी लातूरची, यातच सगळं आलं. लातूरच्या पाहुण्यांना दोष गाडीत दिसेना. तो नांदेडच्या पेट्रोलमध्ये होता. एका शेजाऱ्यानं पंपावर जाऊन फिल्टर पेपर मागायला लावला. तो मागण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ. डाग राहिला नाही. शेजाऱ्यानं कागदावर संशय घेतला.

मग इथेनॉल आलं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही उसाचं, आणि ऊस म्हटलं की मांजरा खोऱ्यातल्या कारखान्यांचं नाव निघणारच, त्यामुळं दोष फिरून पुन्हा लातूरला जाऊन पोचला. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि अॅव्हरेजही थोडं पडतं, हेही खरं. पण गल्लीत हे सगळं कमी आवाजात बोललं गेलं असतं तरी चाललं असतं.

वयस्कर मंडळींना अँबॅसेडर आठवली. मे महिन्यात लोह्याच्या पुढं गाडी बंद पडायची. इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला नुसती वाफ ओढता येत नाही. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओला फडका टाकायचा आणि झाडाखाली विडी ओढत बसायचा. निदान, औषध आणि विश्रांती, सगळं एका फडक्यात. साडूंनी या गाडीतही ओला फडका नेऊन ठेवला. पण हिच्यातला पंप टाकीच्या आत पेट्रोलात बुडालेला. फडका टाकणार कुठं? शेवटी त्यानं काच पुसली.

पहिल्या गॅरेजनं प्लग बदलले. दुसऱ्यानं तोच फ्युएल पंप काढून नवा घातला, ज्याचं बिल बघून साडू स्वतःच जरा बंद पडले. दोन्हीकडं एकच गोष्ट झाली. त्यांनी गाडी पाहिली, गाडी चालू होती, मग त्यांनी आपल्याला ठाऊक असलेला दुखणाईत भाग बदलला. गाडी बंद कधी पडते, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडं काय झालं आणि कुणामुळं झालं हे विचारायची फार घाई असते, आणि गाड्यांच्या बाबतीत तरी ते दोन्ही प्रश्न महागात पडतात.

देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांनी विचारलं. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

"साब, तेल डालने के बाद ईच?"

"हां."

"हर बार? थोडा डाले तो?"

साडू विचारात पडले. घाईत एकदा पाचशेचं टाकलं होतं, तेव्हा गाडी चालली होती. उस्तादांनी मान हलवली. पेट्रोल खराब असतं तर ते संपेपर्यंत त्रास दिला असता. दहा मिनिटांत ते सज्जन कसं होईल? पंप खराब असता तर अहमदपूरच्या चढावर रडला असता. पंपावरच, टाकी भरल्यावरच आणि थोड्या वेळापुरतंच जे बिघडतं, ते पेट्रोल नव्हे. ती पेट्रोलची वाफ.

उस्तादांच्या बोलण्यातून मला जे उमगलं ते असं. टाकीत पेट्रोल असतं आणि त्याच्यावर वाफ असते. नवं पेट्रोल आत शिरलं की वाफेला जागा सोडावी लागते. बरीचशी तोंडातून बाहेर पडते, पंपावरचा तो वास तिचाच. उरलेली एका नळीनं कोळशाच्या डब्यात जाते. हा कॅनिस्टर. त्यातला कोळसा साधा नव्हे. त्याला इतकी सूक्ष्म भोकं असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे, आणि सातबारा कुणाच्याच नावावर नाही. तिथं वाफ चिकटून बसते. पुढं गाडी चालू असताना गाडीतल्या संगणकाच्या हुकमानं एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ थोडीथोडी ओढून घेतं आणि जाळून टाकतं.

हा डबा गाडीत आला तो धुरक्यामुळं. लॉस एंजेलिसमध्ये डोळे का चुरचुरतात, याचा शोध हागेन-स्मिट नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञानं १९५० च्या आसपास लावला. तोवर हे गृहस्थ अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. गाड्यांतून आणि तेलाच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या वाफांवर ऊन पडलं की ते धुरकं तयार होतं, असं त्यांनी दाखवलं, आणि १९७० पासून कॅलिफोर्नियानं नव्या गाड्यांच्या टाकीची वाफ उघड्यावर सोडायला बंदी केली. अननस हुंगणाऱ्या माणसाचं देणं देगलूर नाक्यावर फेडायची पाळी आमच्या साडूंवर आली.

कारण त्यांच्या गाडीतला तो व्हॉल्व्ह मिटतच नव्हता. टाकी फुल्ल झाली, डबा वाफेनं गच्च झाला आणि किल्ली फिरवताच ती सगळी वाफ इंजिनात घुसली. संगणकानं मोजून सोडलेलं पेट्रोल वेगळं आणि ही बिनहिशेबी आलेली वाफ वेगळी. हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लगची ठिणगी पडते पण पेटत नाही. सरळ मराठीत, गाडीला अजीर्ण व्हायचं. दहा मिनिटांत वाफ ओसरली की भूक पूर्ववत.

पडताळा अगदी साधा होता. गाडी बंद, वीज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. उस्तादांनी तो काढला, एक नळी लावली आणि फुंकर मारली. ती आरपार गेली. "मर गया," एवढंच ते म्हणाले. नवा भाग किरकोळ किमतीत मिळाला. तो येईपर्यंतची युक्तीही त्यांनी सांगितली होती. पंपावर अडलं तर रेस तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा, म्हणजे भरपूर हवा आत जाते आणि बऱ्याच गाड्यांत तेवढ्या वेळापुरता संगणक पेट्रोलही तोडतो.

एक ताकीद मात्र त्यांनी बोट वर करून दिली. राऊंड नक्को. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोलची पातळी तिथवर आली की हवा तुटते आणि नोझल खट्कन बंद होतं. तिथं थांबायचं. पण आकडा २,१४३ वर थांबला की पंपावरच्या पोराला चैन पडत नाही, "काका, राऊंड करू का?" म्हणत ते खट्, खट्, खट् करून २,२०० पर्यंत आणतं. तेवढ्यात पेट्रोल टाकीच्या गळ्यापर्यंत चढतं, आणि वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोलच डब्यात उतरलं तर कोळसा कामातून गेला. सुट्ट्या पैशांची अडचण फोन पे आल्यावर संपली, राऊंडची हौस तेवढी राहिली.

राहता राहिले प्राध्यापक. लातूरचा माणूस असा बिघाड लपवून गाडी विकतो, हे नांदेडच्या बाजूचं मत अजून कायम होतं. साडूंनी फोन लावला. सर दुखावले. "अहो, आमच्याकडं इतकी वर्षं होती, एकदासुद्धा पंपावर बंद पडली नाही. मी खोटं कशाला बोलू?"

"सर, तुम्ही टाकी फुल्ल करत होता ना?"

पलीकडं शांतता. मग सर म्हणाले, की त्यांनी आयुष्यात कधी टाकी फुल्ल केली नाही. तीनशेचं टाकायचं, संपलं की पुन्हा तीनशेचं. घरात पाण्याच्या टाक्या मात्र तीन, तिन्ही काठोकाठ. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या गावचे ते.

"पाण्याचं सांगता येत नाही हो," सर म्हणाले, "ते भरूनच ठेवावं लागतंय. पंप कुठं पळून चाललाय?"