साधी राहणी, उच्च पावती

प्रस्तुत मार्गदर्शिका स्वतःच्या गरजा कमी करून, वाचलेल्या पैशातून अनाथ मुलांना मदत करू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थांसाठी आहे. लेखकाला या क्षेत्रातला चौदा महिन्यांचा अनुभव आहे. त्यातल्या पहिल्या अकरा महिन्यांत मुलांपर्यंत उपयोगाचं काहीच पोचलं नाही; पण तो पद्धतीचा दोष नव्हे, हे पुढे सिद्ध होईलच.

नियम १ : संकल्प जाहीर करावा.
मनातल्या मनात केलेला संकल्प गुपचूप मोडता येतो. म्हणून मी गुढीपाडव्याला सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजपासून अनावश्यक खर्च बंद. वाचलेला प्रत्येक रुपया अनाथ मुलांसाठी.' दुपारपर्यंत त्रेसष्ट जोडलेले हात आले. चौसष्टावा निरोप खजिनदारांचा होता : 'अभिनंदन. जाता जाता मागच्या तिमाहीचा मेंटेनन्सही भरून टाका.'

नियम २ : साधेपणाचं साहित्य आधी जमवावं.
साधेपणा असा अचानक सुरू करता येत नाही, त्याला सामान लागतं. पहिल्या महिन्याचा माझा खर्च : तांब्याची बाटली १,१५० रुपये, खादीचे दोन कुर्ते ३,८००, कमी वस्तूंत कसं जगावं यावरची तीन पुस्तकं १,६५०, आणि ती पुस्तकं ठेवायला सागवानी शेल्फ ५,४००. एकूण १२,००० रुपये. त्याच महिन्यात बाहेरचा चहा, एक पेपर आणि केस कापणं बंद करून बचत झाली ७४० रुपये. तूट पुढच्या महिन्यात ओढली.

सरकारच्या बाल संगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या एका मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात, हे मला पुढे कळलं. म्हणजे माझ्या शेल्फात एका मुलाचे दोन महिने आणि वर नऊशे रुपये अडकलेत. शेल्फ चांगलं आहे, वाळवी लागत नाही.

नियम ३ : आदर्श समोर ठेवावा, पण फार जवळ नको.
माझी इथेच अडचण झाली, कारण मी राहतो कर्वेनगरात. ज्यांच्या नावाचं हे नगर आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. नाव बालिकाश्रम, पण आल्या त्या मुख्यतः विधवा मुली. तेव्हाच्या हिशेबात नवरा गेला की मुलगी अनाथच. १९०० साली आश्रम हिंगण्याला, एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याची ये-जा पायी करायचे. पावसाळ्यात चिखल तुडवत, कधी हातात आश्रमाचं सामान घेऊन. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या तर निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या.

हे वाचून मीही फर्ग्युसनपर्यंत चालत जायचं ठरवलं. बसचं तिकीट वाचेल, ते पैसे बचतीच्या डब्यात. नळस्टॉपपर्यंत ठीक गेलं. तिथे दम लागला म्हणून टपरीवर बसलो, दोन चहा आणि एक क्रीमरोल घेतला, आणि गुडघा बोलायला लागला म्हणून रिक्षाने परत आलो. डब्यात टाकायला उलट डब्यातूनच काढावे लागले. महर्षी कर्वे एकशे चार वर्षं जगले. मला वाटतं त्यांच्या रस्त्यात क्रीमरोल नव्हता.

अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ यांचंही भाषण मी प्रत्यक्ष ऐकलंय. रुमाल ओला होईपर्यंत रडलो. देणगीसाठी त्यांचा पदर पुढे आला तेव्हा पाकिटात पाचशेची नोट होती आणि शंभराचीही होती. कुठली दिली ते इथे लिहीत नाही. मार्गदर्शिकेचं वजन कमी होतं.

नियम ४ : काटकसरीची सुरुवात घरातल्या इतरांपासून करावी.
मुलाला म्हटलं, एसी रात्री अकराला बंद. बायकोला म्हटलं, कामवाल्या मावशींना आठवड्यातून एक सुट्टी द्यावी, म्हणजे पगार... वाक्य पूर्ण झालं नाही. ती म्हणाली, "अहो, अनाथ मुलांना मदत करायचीय ना? मग मावशींच्या दोन पोरांनी काय घोडं मारलंय?"

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला मी नव्या पुस्तकातला उतारा मराठीत करून वाचून दाखवला : कमी वस्तू, कमी खरेदी, आहे ते शेवटपर्यंत वापरणं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे नवीन निघालंय?"

"हो, जगभर चाललंय."

"अरे, त्याला आम्ही महिनाअखेर म्हणायचो."

तिचं बरोबर आहे. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन, ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवून वाळवल्या जातात आणि महिन्याने रद्दीवाल्याकडे जातात. साबण झिजून नखाएवढा झाला की नव्या वडीच्या पाठीवर चिकटतो. मिठाईच्या पुड्याचा दोरा सोडवला जातो, कापला जात नाही. जुन्या धोतराचं फडकं होतं, फडक्याचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचं जे होतं ते गच्चीच्या नळाला बांधलेलं असतं. आणि सगळ्यात वर बटणांचा डबा. कुठलाही शर्ट घरातून बाहेर जाण्याआधी आई त्याची बटणं काढून घेते. चाळीसेक वर्षांची बटणं आहेत त्यात. वडिलांच्या सफारीची चार तपकिरी, माझ्या शाळेच्या शर्टाची पांढरी, एक पितळी, ज्यावर नांगर आहे आणि ज्याचा मालक कुणालाच आठवत नाही. हे सगळं कधी कुणाला जाहीर केलं नव्हतं. लहानपणी मला त्या डब्याची लाज वाटायची. विषयांतर झालं.

नियम ५ : जुने कपडे द्यावेत.
म्हणजे काय द्यावं, हे मी बालगृहात जाऊन पाहिलं. शहराबाहेर आहे, नाव सांगत नाही. तिथल्या ताईंनी मला कोठीची खोली उघडून दाखवली. पोत्यांमध्ये काठ विरलेल्या पैठण्या, दोन्ही डाव्या पायाचे बूट, कंपनीच्या नावाच्या मागच्या वर्षीच्या डायऱ्या, एक शेरवानी. "शेरवानी कुणाला घालू?" ताईंनी विचारलं. मला विचारल्यासारखं नव्हतं ते.

तेवढ्यात दहाएक वर्षांचा एक मुलगा चावी मागायला आला. अंगात निळ्या रेघांचा, गुडघ्यापर्यंत येणारा शर्ट, खिशावर शाईचा डाग. डाग माझ्या ओळखीचा होता. शर्टाला तीन सेफ्टी पिना लावलेल्या होत्या.

"काका, कपडे बटणं काढून का देतात हो लोक?" ताई म्हणाल्या.

मी शेरवानीकडे बघत राहिलो.

(ज्यांना खरोखर कळायला हवंय त्यांच्यासाठी : आधी फोन करून काय हवंय ते विचारावं. उत्तर बहुधा नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चष्मे, उवांचं औषध, कुकरची रिंग असं काहीतरी येतं. ते ऐकून निराश होऊ नये.)

नियम ६ : वाढदिवस तिथे साजरा करावा.
मी पंधरा ऑगस्टला गेलो, कारण सुट्टी होती. ती सगळ्यांनाच असते. दारात फळा होता : ११ वाजता केक, एक कुटुंब. १२.३० श्रीखंड-पुरी, एक मंडळ. ३ वाजता वृक्षारोपण, एक कंपनी. ५ वाजता केक, म्हणजे मी. वृक्षारोपणाचा खड्डा तोच असतो, असं वॉचमननी सांगितलं. गेल्या वर्षीचं झाड काढून ठेवतात.

मुलांनी गाणं फार सुरेख म्हटलं. मेणबत्ती पेटायच्या आधीच टाळ्यांना हात तयार होते, इतका सराव होता. एका मुलीने शेजारणीला हळूच विचारलं, "हा कितवा?" शेजारणीने दोन बोटं दाखवली आणि केक न खाताच वही उघडली; तिची दुसऱ्या दिवशी चाचणी होती.

"जूनमध्ये या ना," ताई म्हणाल्या. "दिवाळीत फराळ ठेवायला जागा नसते आणि जूनमध्ये वह्यांना पैसे नसतात. नाहीतर असं करा, लाइट बिल भरा."

लाइट बिल! त्याच्याबरोबर फोटो कसा काढणार?

नियम ७ : फोटो काढावा.
काढू नये. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४ : अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा मजकूर प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या साडूंनी वॉटर कूलर दिला तेव्हा मुलांना कूलरभोवती उभं करून फोटो काढला आणि तीन ग्रुपवर टाकला. त्यांना मी हे कलम पाठवलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, एवढा एक फायदा या कायद्याने मला झाला.

नियम ८ : पावती घ्यावी.
दोन हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलात तर कशीच मिळत नाही. मी नव्या प्रणालीत आहे हे मला पावत्यांची फाईल लावून, विषयवार टॅब चिकटवून झाल्यावर समजलं.

नियम ९ : हा नियम लिहायला कंटाळवाणा आहे. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई असते पण तिच्याकडे घर नसतं, कुणाचे वडील तुरुंगात असतात. आणि गोड, लहान मुलांसाठी केक येतो तसा अठरा पूर्ण झालेल्यांसाठी येत नाही. अठरा झाले की बालगृह सोडावं लागतं. पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, ती मिळाली तर. ताईंकडची एक मुलगी नर्सिंगला लागली होती, वसतिगृहाची फी थकली होती. मी दरमहा किती जमतील ते विचारलं, स्वतःलाच, आणि बँकेत एक तारखेची सूचना देऊन टाकली. आता पैसे आपोआप जातात. त्याला तांब्याची बाटली लागत नाही, खादी लागत नाही, काहीच वाटतही नाही, आणि म्हणूनच चालू आहे. तिसरा महिना आहे.

परिशिष्ट.
शर्टाची हकिकत मी घरी सांगणार नव्हतो, पण सांगितली. आई काही बोलली नाही. रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेलो, तर ती डबा उपडा करून बटणं आकारानुसार लावत होती.

शनिवारी रिक्षाने माझ्याबरोबर आली. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली आणि मुलांची रांग लावली. सुईत दोरा ओवायला चाचणीवाली मुलगी. "सरळ उभा राहा रे मेल्या, पोटात टोचेल," असं प्रत्येकाला सांगत होती. निळ्या रेघांच्या शर्टाला वडिलांच्या सफारीची चारही तपकिरी बटणं लागली. रंग जुळत नाही, पण तिने जुळणारी शोधलीच नाहीत. नांगराचं पितळी बटण कुणाला द्यायचं यावर मुलांची मारामारी झाली, तेव्हा तिने ते परत डब्यात टाकलं आणि म्हणाली, पुढच्या शनिवारी बघू.

निघताना मी ताईंना विचारलं. बटणांची पावती देत नाहीत.