आडव्या झाडाचे वारस

सोलापुरात उभ्या झाडाला कोणी विचारत नाही. सावली मात्र सगळे घेतात. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला, की रस्त्याकडेच्या एका गुलमोहराखाली दोन रिक्षा, एक रसवंती, पंक्चरवाला आणि चार बिनकामाची माणसं आरामात मावतात. पण त्याला घागरभर पाणी घालायचं म्हटलं, की तो लगेच महापालिकेचा होतो. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात जगायचं कसं, हे त्याचं त्यानं बघावं. मग एका संध्याकाळी वळीव येतो, धुळीचा लोट उठतो, गुलमोहर आडवा होतो आणि त्या क्षणी त्याला वारस फुटतात. लाकडाच्या या लोभाला आपण उगाच नावं ठेवतो, असं माझं मत आहे. या शहरात झाडाबद्दल मनापासून आस्था असणारा एकच वर्ग उरलाय, तो जळणाचा धंदा करणाऱ्यांचा. चूक एवढीच, की ही आस्था झाड उभं असताना कामाला लावायची सोय आपण केलेली नाही.

पुरावा हवा असेल तर वळवानंतरचा तास पाहावा. गेलेली वीज यायची असते, पण टेम्पो आलेला असतो. बहुधा जुनी ४०७. टाटांनी हे मॉडेल १९८६ साली बाजारात आणलं, आणि लाकूड वाहणाऱ्या काही गाड्या बघून त्या पहिल्याच वर्षाच्या असाव्यात असं वाटतं. मूळ रंग कोणता, हे फक्त आरटीओच्या कागदावर कळतं. मागच्या फाळक्याच्या जागी दोर असतो आणि हँडब्रेकचं काम एक दगड करतो. गाडीतला सगळ्यात भरवशाचा भाग तोच. मग कटर मशीन उतरतं. साखळीची ही करवत मुळात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी काढली, तीही अडलेल्या बाळंतपणात हाड कापण्यासाठी. झाडांशी तिची ओळख फार नंतरची. हाड कापण्याचा मूळ गुण तिच्यात अजून शाबूत आहे, हे पायात स्लिपर घालून ती चालवणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी त्या आवाजात ऐकू जात नाही. “सरक की बे!” एवढीच काय ती सुरक्षेची सूचना. पण काम बघा. बुंधा वखारीला, फांद्या भट्टीला, काटक्या शेजारच्या बंबाला, पाला शेळ्यांना. निविदा नाही, भूमिपूजन नाही, आणि रस्ता मोकळा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरोघरी गॅस असताना जळण हवंय कुणाला? हिशेब आक्षेपाच्याच बाजूचा आहे, हे कबूल. किलोभर गॅसमधून साधारण ११ हजार किलोकॅलरी उष्णता मिळते, सुक्या लाकडातून चार हजारांच्या आसपास. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरची बरोबरी करायला चाळीसेक किलो लाकूड लागेल, आणि चुलीच्या तीन बाजूंनी वाया जाणारी धग धरली तर त्याच्या कितीतरी पट. पण घरातला गॅस बघून बाजार ठरत नाही. भट्टीवाला आहे, लग्नाचा आचारी आहे, आणि मुद्दा संपलाच नाही तर स्मशान आहे. आयुष्यभर गॅसवर जेवलेला माणूसही तिथे बहुतेक वेळा लाकडाचंच गिऱ्हाईक होतो.

दुसरा आक्षेप जड आहे. झाड पडण्यात पैसा असेल तर लोक ते पाडतील. खरंय. म्हणून उपाय असा, की रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाचं लाकूड ते उभं असतानाच एका वखारवाल्याच्या नावावर करून टाकावं. अट एकच: झाड वाऱ्यानंच पडलं पाहिजे. कायद्याला वारा परका नाही. नागरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात, वाऱ्यानं पडलेलं झाड तोडायची परवानगी नाकारू नये, अशी तरतूद आहे. म्हणजे झाड आडवं झालं तरी अर्ज करायचाच, फक्त नकाराची धास्ती नाही. वारस उतावीळ होईल, ही शंका रास्त आहे. पण त्यानं जरा गणित केलं तर होणार नाही. त्याच उंचीच्या खोडाचा घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं. आणि आज झाडं पाडतंय तरी कोण? बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट आपण घालतो, केबल आणि गटारासाठी चर खणून एका बाजूची मुळं आपण तोडतो. वळीव येऊन फक्त शेवटचा धक्का देतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत त्याचंच नाव येतं. करारात एक ओळ घालावी: मुळं तुटलेली आढळली तर लाकूड शेजारच्या वखारीला. मग चर खणायला आलेल्या जेसीबीपुढे आपला वखारवाला स्वतः आडवा पडेल.

राहिला पाण्याचा प्रश्न. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे धंदेवाईक माणूस झाडाला पाणी का घालेल? याचं उत्तर वखारीच्या काट्यावर आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि लाकूड विकलं जातं वजनावर. त्यानं घातलेल्या पाण्याचे पैसे भट्टीवाला देईल, तेही लाकडाच्या दरानं.