एकासारखं दुसरं नाही

चाकणला गाड्या तयार होतात आणि तिथेच अडकतात. संध्याकाळी तळेगाव चौकात शोरूमला निघालेल्या नव्याकोऱ्या गाड्यांचा कंटेनर आपल्या शेजारी उभा असतो, आणि चालत निघालेला माणूस दोघांनाही मागे टाकून जातो. अशा पट्ट्यात राहून ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्याकडे लोक हलवायाच्या घरच्या उपाशी पोरासारखं बघतात.

म्हणून रविवारी पुण्याला केळकर म्युझियम बघायला निघालो, तेव्हा सोसायटीत काय बघणार हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते, "कशाने जाणार?" खरं तर म्युझियम आहे त्या शुक्रवार पेठेत मोटार नसणं ही चैन आहे. मोटारीने गेलेलं कुटुंब संग्रहालय दोन पाळ्यांत बघतं. एक पाळी आत, दुसरी गाडीपाशी.

आम्ही पीएमपीच्या बसने मोशी, भोसरी करत नाशिक फाट्याला उतरलो आणि मेट्रोत बसलो. सोबत शेजारचे काका होते. त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. दापोडीला नदी ओलांडून गाडी शिवाजीनगरच्या अलीकडे जमिनीत शिरते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून १८८६ सालची मंडई आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या दारात आली आहे. मंडईतून बाजीराव रोडला लागलं, की पुढचं अंतर पायांचं.

दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. साधारण १९२० पासून ते गावोगाव फिरून घरांतल्या वस्तू गोळा करत राहिले. पत्नी कमलाबाई सोबतीला होत्याच. तलवारी, तख्तं जमवणारे पुष्कळ असतात. यांनी दिवे, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. त्यातल्या अडीचेक हजार वस्तूच मांडलेल्या आहेत. बाकीच्यांना जागा नाही. शुक्रवार पेठेत ती कुणाला आहे?

काका अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबले ते हलेनात. काचेला नाक लागेल इतके वाकले. रखवालदार दोनदा चक्कर मारून गेला.

"हे रिवेट बघा," काका म्हणाले. "दोन्ही पाती इथेच फिरणार. सैल झालं तर सुपारी उडणार, घट्ट झालं तर आजीबाईंचा हात दुखणार. ना ड्रॉइंग, ना गेज. निव्वळ हाताचा अंदाज!"

"आणि वर पक्ष्याचा आकार," मी म्हणालो.

"तो नसता तरी सुपारी फुटलीच असती की. पण रोज हातात धरायची वस्तू. कारागिराला वाटलं, जरा बघण्यासारखी असावी."

मला आमच्या कारखान्यातलं क्यूसी, म्हणजे माल तपासणारं खातं, आठवलं. तिथे हजार नग तंतोतंत सारखे आले की चहा पाजतात, आणि एखादा जरा निराळा निघाला की लाल पेटीत. या कपाटातला प्रत्येक अडकित्ता शेजारच्यापेक्षा निराळा. म्हणजे अख्खं कपाट आमच्याकडे लाल पेटीत गेलं असतं. तरी सारखेपणाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. ब्रेकचा नग कारागिराच्या लहरीने झालेला कुणाला हवाय? माझ्या बसलाही ब्रेक होतेच. पण पट्ट्यात एवढं घडतं, त्यातलं उद्याच्या केळकरांनी कपाटात काय ठेवावं? हजार सारख्या नगांतला एक उचलला तर बाकीचे नऊशे नव्व्याण्णव पाहिल्यासारखेच.

परतीच्या मेट्रोत मी हे काकांना विचारलं. ते म्हणाले, "नग नाही, हत्यारं ठेवायची. तुटलेलं ड्रिल ग्राइंडरवर घासून मी स्वतः केलेली, लोखंडावर रेघ ओढायची आखणी आहे माझ्याकडे. मागच्या टोकाला नावाचं अक्षर पंचाने ठोकलंय, कुणी ढापू नये म्हणून. प्रत्येक फिटरकडे अशी असायची, प्रत्येकाची वेगळी."

"मग द्या की म्युझियमला."

"छे!" काका म्हणाले. "रोज लागते मला ती."