पावती फाडण्याआधी

पावती हातात पडताच तक्रारदाराने आवाज चढवू नये. आधी ती उलटीसुलटी करून नीट वाचावी. संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या एका सोसायटीत वॉचमनने वायपरखाली खोचलेल्या पावतीवर 'श्री गणेशोत्सव वर्गणी' या छापील ओळीवर निळ्या पेनने काट मारली होती आणि वर लिहिले होते, 'पार्किंग दंड रु. ५००'. कोपऱ्यातला गणपती तसाच होता. 'सप्रेम नमस्कार' हेही तसेच. सहीच्या जागी नुसती एक रेघ. गेल्या वर्षीचे अर्धे पुस्तक वाया जाऊ नये, एवढीच कमिटीची काटकसर. सभासदाने ही पावती संतापाच्या भरात फाडू नये. पुढच्या साऱ्या लढाईत इतका बोलका पुरावा पुन्हा मिळणे कठीण.

वॉचमनशी वाद घालणे हा नवशिक्यांचा दोष. "साहेब, मला सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय," एवढेच त्याचे म्हणणे असते, आणि ते खरे असते. शिवाय रात्री साडेअकराला गेट त्यालाच उघडायचे असते.

दुसरी पायरी जरा अभ्यासाची. आपण नेमके कशात राहतो, हे तक्रारदाराने शोधून काढावे. संभाजीनगरात चार मजले आणि एक लिफ्ट दिसली की सगळे त्याला 'सोसायटी' म्हणतात. कायदा म्हणत नाही. नोंदणी १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली झाली असेल तर ती सोसायटी. बिल्डरने १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन करून ठेवले असेल, तर ती संस्था वेगळी, तिचे नियम वेगळे आणि सामाईक खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे. दोन्ही नसेल, म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकले, गेटवर नाव लावले आणि तो पुढच्या साइटवर गेला, तर 'कमिटी' म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन. अशा कमिटीने फाडलेल्या पावतीची कायदेशीर किंमत त्या पावतीच्या कागदाइतकी धरावी. मात्र असे कमिटीच्या तोंडावर बोलू नये. पाण्याची मोटर त्यांच्याच मीटरवर असते.

सोसायटी निघाली, तर लढाईत जान येते. कारण सोसायटीला आदर्श उपविधी आहेत आणि त्यांत पार्किंगवर एक अख्खे प्रकरण आहे. ते एकदा वाचावे. निम्मा राग तिथेच शास्त्रशुद्ध होतो. जागा वाटते व्यवस्थापक समिती, पण कोणत्या वाहनाला किती आकार लावायचा हे ठरवते सर्वसाधारण सभा. सेक्रेटरी नव्हे, खजिनदार नव्हे, आणि सकाळी गाड्या मोजत फिरणारे निवृत्त काका तर नव्हेच. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात, अशीही सोय आहे. दंडाचेही तसेच. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचे म्हणणे ऐकणे, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय. आणि वर्षभरातले सगळे दंड मिळून पाच हजारांची मर्यादा. वायपरखालच्या पाचशे रुपयांच्या मागे यातले काय काय झाले, एवढेच तक्रारदाराने विचारायचे. एका ओळीत. लेखी. "ज्या ठरावान्वये हा आकार घेतला जात आहे, त्याची प्रत मिळावी."

या ओळीने भल्याभल्या कमिट्या गांगरतात. कपाटाची चावी कोणाकडे आहे यावरून दोन दिवस जातात.

तरीही विजय गृहीत धरू नये. बऱ्याचदा ठराव सापडतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, चौदा दिवस आधी नोटीस लागते आणि त्या नोटिशीत तळाला एक निरुपद्रवी वाक्य असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल. त्या सभेला मग गणपूर्तीची गरज उरत नाही. इतिहास या अर्ध्या तासात घडतो. साडेदहाला सात जण असतात, अकरालाही सातच असतात. फरक इतकाच की साडेदहाचे सात अपुरे आणि अकराचे सात सर्वसाधारण सभा. त्यांनी 'दुसऱ्या चारचाकीस दरमहा रु. ३००' असे एकमताने मंजूर केलेले असते. इतिवृत्ताची प्रत मिळाली की तक्रारदाराने सर्वांत आधी सूचक आणि अनुमोदक यांची नावे पाहावीत. अनुमोदक आपणच असण्याची शक्यता नाकारता येत नाही. चिवडा आणि चहा येईपर्यंत कशाकशाला हात वर केला, हे कोणाला आठवते?

आता थोडे इतिहासाकडे. प्रत्येक गंभीर तक्रारीला एक मोठा निकाल जोडावा लागतो आणि इथे तो तयार आहे. मुंबईत दहिसरच्या आनंदनगरात पांचाली नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. फ्लॅट छप्पन्न, खांबांमध्ये, म्हणजे स्टिल्टमध्ये, पार्किंगच्या जागा पंचवीस. त्या जागा आपल्या आहेत, आपण त्या वेगळ्या विकू शकतो, असे बिल्डर कंपनी नहालचंद लालूचंद हिचे म्हणणे. फ्लॅट घेणाऱ्यांकडून तशी ना-हरकतीची पत्रेही तिने लिहून घेतली होती. शहर दिवाणी न्यायालयात कंपनी हरली, उच्च न्यायालयात हरली, तरी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि ए. के. पटनायक यांनी निकाल दिला: स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, तो स्वतंत्र फ्लॅटही नव्हे; ती इमारतीच्या सामाईक सोयींपैकी आहे आणि १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीच्या, कायद्याखाली बिल्डरला ती विकता येत नाही. पंचवीस गाड्यांच्या सावलीसाठी दिल्लीपर्यंत गेलेले हे प्रकरण तक्रारदाराने तोंडपाठ करावे. मात्र पुढचेही वाचावे. २०१६ च्या रेरा कायद्याने उघडे पार्किंग सामाईक जागेत घातले, तर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या गॅरेजला वेगळी व्याख्या दिली. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने विक्री करारात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा नमूद करणे सक्तीचे केले. म्हणजे २०१० चा निकाल हातात घेऊन २०२४ च्या इमारतीत उभे राहणाऱ्याने आपल्या करारनाम्याची मागची पाने आधी उघडावीत.

योगायोग असा, की पांचालीचा निकाल लागून दीड महिना होतो न होतो तोच, ऑक्टोबर २०१० मध्ये, आपल्या संभाजीनगरात एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या. सौदा पासष्ट कोटींचा. देशभर बातमी झाली. त्या रात्री दीडशे मर्सिडीज कुठे लावल्या, हे मात्र कोणत्याही बातमीदाराने विचारले नाही. शहराचा स्वभावच तसा. १९८५ पासून वाळूजला बजाजच्या दुचाक्या तयार होतात, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या. वाहने बनवायची इथेच आणि लावायला जागा शोधायची सिडकोच्या एन-सातच्या गल्लीत. सिडकोने आखणी केली तेव्हा घरासमोर सायकल, फार तर स्कूटर उभी राहील असा हिशेब होता. आता त्याच दारात दोन चारचाकी आडव्या लागतात आणि तिसरीचे बुकिंग झालेले असते.

मोजमापाशिवाय तक्रारीला वजन येत नाही. सुताराकडची पाच मीटरची टेप मागून आणावी. २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली आहे. फॉर्च्युनर जवळजवळ चार मीटर ऐंशी सेंटिमीटर भरते. म्हणजे पुढे-मागे मिळून एका वीतभर जागेत मालकाची अब्रू उभी असते. पिवळे पट्टे मारणाऱ्या रंगाऱ्याने मधला खांब जागेतच धरला असेल, तर टेप लावून फोटो काढावा आणि फोटोत टेपचे आकडे दिसतील असे पाहावे. खांब, टेप आणि बाजूला कमरेवर हात ठेवून उभा सभासद, असा फोटो अर्जाला जोडला की अर्जाला गांभीर्य येते.

अर्ज सेक्रेटरीला द्यावा आणि पोच घ्यावी. व्हॉट्सअॅपवरचा निळा टिक ही पोच नव्हे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर पुढचे दार उघडते. जादा वसुली आणि पार्किंगचे वाद सहकारी न्यायालयाकडे जातात. उपविधींच्या त्याच यादीत असमान पाणीपुरवठाही आहे, त्यामुळे एका फेरीत दोन्ही उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा. दस्तऐवज दाखवत नाहीत, प्रती देत नाहीत, यासाठी उपनिबंधक. कमिटीने चाकाला जॅमर लावला असेल, तर प्रकरण पोलीस ठाण्याचे. रस्त्यावर बेवारस उभी गाडी हलवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने वर्दीतल्या पोलिसाला दिला आहे. सेक्रेटरीची सफारी म्हणजे वर्दी नव्हे.

तत्त्वासाठी कुठवर जावे, याला इंग्लंडचा दाखला पुरेसा आहे. चेल्म्सफर्डमध्ये बॅरी बीव्हिस नावाच्या, तळलेले मासे आणि बटाटे विकणाऱ्या दुकानदाराने दोन तासांच्या मोफत पार्किंगमध्ये गाडी छप्पन्न मिनिटे जास्त ठेवली. खासगी कंपनीने पंच्याऐंशी पौंड मागितले. तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हरला. आपल्याकडचा तक्रारदार एका बाबतीत सुखी आहे: बीव्हिसला त्या कंपनीच्या माणसाबरोबर रोज लिफ्टने वर जावे लागत नव्हते.

म्हणून वाद चालू असताना पैसे अडवून धरू नयेत, हा वकिलांचा बेचव पण खरा सल्ला. थकबाकीवर वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते, आणि सोसायटी उपनिबंधकाकडून वसुली दाखला आणू शकते. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन भरावी, सोबत पत्र द्यावे की ही रक्कम हरकत राखून भरत आहे. काचेवर डकवलेले 'अनधिकृत पार्किंग' हे स्टिकर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवावे, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडावे. एवढ्या एकाच मुद्द्यावर अजून कोणत्याही कमिटीने हरकत घेतलेली नाही.

विशेष सभा लागलीच, तर रविवारी सकाळी अकराला. तक्रारदाराने फाइल, टेप आणि गणपतीची पावती घेऊन पहिल्या रांगेत बसावे. विषय क्रमांक चार येईपर्यंत बाहेर हॉर्न वाजतो. जायकवाडीसारखे धरण जिल्ह्यात असूनही नळाला रोज पाणी येण्याची या शहराला सवय नाही, त्यामुळे टँकरचा हॉर्न सगळ्यांना कळतो. ड्रायव्हर दारातूनच ओरडतो, "टाकीसमोरची पांढरी गाडी कोणाची? काढा लवकर, मला अजून उल्कानगरीत दोन खेपा आहेत." सेक्रेटरी इतिवृत्तातून मान वर करतात. पांढरी गाडी तक्रारदाराचीच असते. तो किल्ली शोधत उठतो, आणि मागून सेक्रेटरी टँकरचे पाच लिटर कमी भरले तरी चालेल पण गाडी हळू काढा, आरसा लागेल, म्हणून त्याच्याबरोबर जिना उतरू लागतात.