संकटकाळी देवाला हाक मारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

उर्से म्हटलं की बाहेरच्या माणसाला टोलनाका आठवतो. पुण्याहून मुंबईला निघालेला माणूस द्रुतगती मार्गावर इथेच पहिल्यांदा देवाचं नाव घेतो, कारण फास्टॅगमध्ये पैसे आहेत की नाहीत हे त्याला रांगेत शिरल्यावर आठवतं. हा धावा बालवाडीतला. पुढचा अभ्यासक्रम आमच्या तात्यांनी हयातभर गिरवलाय. खालचे नियम त्यांच्याच आचरणातून काढले आहेत.

नियम पहिला. जवळचा देव आधी. भात पिवळं पडलं तर गावदेवी पुरे. फेरफार अडकला तर घोरावडेश्वराचा डोंगर चढावा. सोयरीक मोडायला आली तरच कार्ल्याची एकवीरा. किरकोळ कामाला थेट जेजुरी गाठली, तर मोठ्या संकटात वर जायला जागाच उरत नाही. (एकवीरेला चैत्रातली यात्रा आणि रविवार टाळावा. कोळी-आगरी मंडळींचं ते कुलदैवत. त्या दिवशी पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. नारळ घरून न्यावा, हलवून पाणी वाजतंय ना बघावं, डोळ्यापाशी ओल असलेला घेऊ नये.)

नियम दुसरा. नवस साक्षीदारासमोर बोलू नये. बैल बसला तेव्हा तात्या घाबरून बोकड बोलले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा बोकडाचा कोंबडा झाला. बैल उठला, कोंबड्याचा नारळ झाला. बैलाने कडब्याला तोंड लावलं, तेव्हा तात्यांना आठवलं की देव भावाचा भुकेला असतो. सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण काकू रतिबाच्या वहीच्या मागच्या पानावर नवस टिपून ठेवतात, आणि तेही पहिल्यांदा तोंडातून निघेल तोच आकडा. उताराचे भाव त्यांच्या वहीत चढत नाहीत. बोकड द्यावा लागला. वर जेवायला सगळी भावकी आली.

नियम तिसरा. देव पाण्यात घालायचे तर पितळेचे घालावेत, तसबिरी नव्हेत. सोसायटीच्या निवडणुकीत तात्यांनी अख्खा देव्हारा घंगाळात बसवला होता. निकाल लागेपर्यंत पूजा नाही, घंटी नाही. तात्या पडले. काकूंनी देव बाहेर काढून चिंचेने घासले आणि मतमोजणीचा विषय बंद केला.

नियम चौथा. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरताना शिंग्रोबाला नाणं टाकावं, पण गाडी बाजूला घेऊन. चालत्या गाडीतून फेकलं की ते मागच्याच्या काचेवर जातं आणि त्याला देव आठवतो. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनीच त्याचा जीव घेतला, अशी आख्यायिका आहे. ती ऐकल्यापासून तात्या कुणालाही पत्ता सांगत नाहीत.

नियम पाचवा. देहू जवळ असलं तरी तुकोबांची बरोबरी करू नये. गाथा बुडाल्यावर ते इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, असं परंपरा सांगते. तात्यांचा धीर तेरा मिनिटांत संपतो आणि ते दुसऱ्या देवाकडे जातात. शिवाय नवसाबद्दल तुकोबांचं मत काही बरं नव्हतं. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसं गेली, आणि त्या गृहस्थाने देवाकडे भरपाई मागायची सोडून लोकांकडून येणं असलेल्या रकमांचे आपल्या वाट्याचे कागदच नदीत सोडून दिले म्हणतात. हे कीर्तनात ऐकून आल्यावर तात्यांनी एवढंच विचारलं, ‘‘असा सावकार आता कुठं मिळंल?’’

सहाव्या नियमापाशी माझं शास्त्र अडतं. काकूंना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. बैलाच्या पायासाठी देवीला वेठीला धरणारा हा माणूस. मला वाटलं, आज जेजुरी, तुळजापूर, पंढरपूर, सगळी एका दमात येणार. तात्या काही बोलले नाहीत. सही केली, रक्ताची बाटली आणायला स्वतः गेले, परत येऊन बाकावर बसले. चहा दिला, तो तसाच राहिला. पहाटे डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. तरी तात्या गप्प. मला त्या रात्री त्यांची भीतीच वाटली. खरं सांगायचं तर त्यांनी दोन बोकड कबूल केले असते, तर मला जरा झोप लागली असती.

काकू घरी आल्या. चार दिवसांनी वही मागवली आणि मागचं पान उघडलं. नोंद कोरी.

‘‘बैलाला बोकड, आन् माझ्यासाठी साधा नारळ बी नाही बोललात?’’

‘‘तवा सुचलंच नाही गं,’’ तात्या म्हणाले.

हे उत्तर काकूंनी अजून मंजूर केलेलं नाही. तेव्हा वाचकहो, क्रम असा ठेवा: आधी गाडी काढा, जुन्या तपासण्यांची फाइल आणि आधार कार्ड घ्या, बरोबर रक्त देऊ शकेल असा एक माणूस घ्या. आणि वाटेत एखादा नारळ तरी मोठ्याने बोला. देव मागत नाही, घरी विचारतात.