मुहूर्त साधून आलेलं बाळ

तेलंगणातल्या बाळांना हल्ली पंचांग बघून जन्माला यायचं वळण लागलं आहे. लग्न, वास्तुशांत आणि आता प्रसूती! नक्षत्र ठरतं, सर्जनची वेळ ठरते, भूलतज्ज्ञ मोकळे आहेत का ते पाहिलं जातं. राहते ती फक्त बाळाची आई. तिला काय, आडवंच व्हायचं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) तेलंगणातल्या खासगी रुग्णालयांत 81.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये 10 ते 15 टक्क्यांच्या पुढे जाण्याचं कारण नाही असं म्हटलं होतं. पण संघटनेला राहुकाळ कुठला कळायला?

बरं, सगळा दोष ज्योतिषावर ढकलणंही अन्यायाचं. नैसर्गिक कळा रात्रभर चालतात, शस्त्रक्रिया तासाभरात उरकते आणि बिलही तब्येतीने वाढतं. कळांची धास्ती घेतलेल्या बाईला धीर द्यायला मात्र कुणाकडे सवड नसते. ‘नाळ गळ्याभोवती आहे’ एवढं ऐकलं की सही मिळते. प्रत्यक्षात नाळेचा असा वेढा अनेक बाळांना असतो आणि ती सुखरूप जन्मतात.

आणि बिहार? त्याच पाहणीत तिथल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण 3.6 टक्के. तिथे खरोखर अडलेल्या बाईलाही टेबल मिळेल याची खात्री नाही. एकीकडे नको असताना सुरी, दुसरीकडे हवी असताना नाही. आणि दोन्हीकडे बाईचं मत विचारण्याचा रकाना फॉर्मवर अजून छापलेला नाही.